जंतूंच्या जाती कशा सुधारतात?

चांगलें बीं राखून ठेवण्याचें महत्त्व शेतकरी वर्गास कोणीं शिकवावयास नको. जोंधळ्याचीं टपोरीं कणसें खळ्यावर बाजूस काढून, वाळवून, पुढील सालाकरितां जपून ठेवण्याची चाल आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. वळू निवडतांनाही जाणता मनुष्य त्याच्या आईचें दूध विचारतो. परंतु धान्य व गुरें यांखेरीज तिसरी एक जिवंत वस्तु प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं पाळली जाते व तिचीही निवड होते, हें सहसा लक्षांत येत नाहीं. ती वस्तु म्हणजे विरजण होय. दहीं फार आंबट किंवा तारेचें होऊं लागलें कीं घरांतील बायका तें विरजण टाकून देतात व शेजारच्या घरून चांगलें आणतात. विरजण म्हणजे जिवंत जंतूंचा समुदाय. तेव्हां वाईट टाकून चांगलें आणणें ही जंतूंच्या जातीची निवडच झाली.

हल्लीं या निवडीचें मोठें शास्त्र झालें आहे. त्याच्या जोरावर औषधांचे व दुधाच्या पदार्थांचे कारखाने चालतात, आणि खतांच्या दुकानांत ‘सुधारित’ जंतूंची पुडी शेतकऱ्याच्या हातीं पडते. या पुडीविषयीं आपल्यांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, प्रयोगशाळेंत सुधारलेला जंतु शेतांतही सरसच ठरणार. दुसरा म्हणतो, ज्याच्या जनुकांत माणसानें हात घातला तो जंतु म्हणजे विष. जंतु कोणत्या रीतीनें सुधारला आणि कोणत्या कामाकरितां सुधारला, हे दोन प्रश्न मात्र दोहोंपैकीं कोणीच विचारीत नाहीं. या प्रश्नांवांचून दिलेला पैसा जसा वायां जाऊं शकतो, तशीच त्यांवांचून नाकारलेली चांगली वस्तुही हातची जाते. सबब या दोन प्रश्नांचा येथें विचार केला आहे.

जंतूचें दप्तर

प्रत्येक जंतूच्या शरीरांत डीएनए नांवाचा एक अतिसूक्ष्म लांबच लांब धागा असतो. त्यावर चार रासायनिक अक्षरांच्या निरनिराळ्या क्रमानें त्या जंतूचे सर्व गुणधर्म लिहिलेले असतात. एका कामापुरता जो मजकूर, त्यास जनुक म्हणतात. हा धागा म्हणजे जंतूचें दप्तर, व प्रत्येक जनुक म्हणजे त्यांतील एक नोंद, असें समजावें. मनुष्याच्या आंतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु घेतला, तर त्याच्या दप्तरांत सुमारें ४६ लक्ष अक्षरें व चार हजारांहून अधिक नोंदी आहेत. अन्न व ऊब भरपूर मिळाल्यास हा जंतु दर वीस मिनिटांस एकाचे दोन होतो, आणि तसें होतांना सगळ्या दप्तराची नक्कल उतरली जाते.

ही नक्कल कमालीची बिनचूक असते. शंभर कोटि अक्षरें उतरलीं तरी एखादी चूक क्वचितच राहते. ज्यांनीं कचेरींत नकला उतरविल्या आहेत त्यांस या कामाची थोरवी अधिक सांगावयास नको. तथापि जंतूंची संख्याच एवढी अफाट असते कीं कोठें ना कोठें चूक राहतेच. या चुकीस शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. जमिनीचा हक्क बदलला म्हणजे जी फेरफाराची नोंद होते, तिला व जंतूंतील या बदलाला इंग्रजींत एकच शब्द आहे. म्हणून यासही फेरफार म्हटलें तर चालेल. अंतर एवढेंच कीं, महसुली फेरफारास वर्दी, नोटीस व मंजुरी लागते. निसर्गाच्या फेरफारास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. त्याची मंजुरी मागाहून होते. बदललेला जंतु जगला व वाढला तर नोंद मंजूर, आणि मेला तर रद्द. बहुतेक फेरफार जंतूच्या तोट्याचे किंवा निरुपयोगी असतात. माणसाच्या फायद्याचा असा लाखांत एखादा.

पहिला मार्ग: फेरफार व निवड

निसर्गाच्या चुकांची वाट पाहत बसणें फार लांबणीचें काम आहे. १९२७ मध्यें हर्मन मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांनीं माशींतील फेरफारांचें प्रमाण पुष्कळ पटींनीं वाढवितां येतें असें सिद्ध केलें. लागलीच १९२८ मध्यें लुइस स्टॅडलर यानें मका व सातू या पिकांत तेंच दाखविलें. जंतूंच्या सुधारणेंत या शोधाचा उपयोग कसा झाला, हें पेनिसिलीनच्या इतिहासावरून उत्तम कळतें. आणि त्या इतिहासाचा शेतीशीं निकट संबंध आहे.

१९२८ मध्यें लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यास एका बुरशीच्या भोंवतालचे रोगजंतु मरत असल्याचें दिसलें. त्या बुरशींतील मारक द्रव्यास त्यानें पेनिसिलीन हें नांव दिलें. परंतु एक लिटर द्रवांतून औषध निघे तें जेमतेम एकदोन मिलिग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, १९४१ सालीं, ऑक्सफर्डचे फ्लोरी व हीटली हे दोघे ती बुरशी घेऊन अमेरिकेंत गेले. इलिनॉय संस्थानांतील पीओरिया येथें तेथील शेतकी खात्याची प्रयोगशाळा होती, तिनें हें काम हातीं घेतलें. मक्यापासून स्टार्च काढतांना मका भिजवून जें पाणी उरतें, तें तेथें टाकाऊ म्हणून पुष्कळ सांठे. तें बुरशीच्या अन्नांत मिसळतांच पेनिसिलीनचें उत्पन्न कित्येक पटींनीं वाढलें. जात तीच, पण खुराक बदलतांच उत्पन्न बदललें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

यानंतर अधिक चांगल्या जातीचा शोध सुरू झाला. देशोदेशींची माती व बुरशी तपासण्यांत आली. शेवटीं १९४३ मध्यें पीओरियाच्याच बाजारांतील एका बुरसलेल्या खरबुजावर हवी ती जात सांपडली. या जातींतूनही अधिक उत्पन्न देणारी शाखा निवडून काढली व तिच्यावर क्ष-किरण सोडले. जे थोडे बीजकण जगले, त्यांत एक्स-१६१२ ही जात मिळाली. विस्कॉन्सिन विद्यापीठांत तिच्यावर जंबुपार किरण, म्हणजे उन्हांतील अदृश्य दाहक किरण, सोडले. त्यांतून क्यू-१७६ ही जात निघाली. पेनिसिलीन युनिट या मापानें मोजतात. फ्लेमिंगच्या बुरशीपासून मिलिलिटरास दोनचार युनिट मिळत. एक्स-१६१२ पासून सुमारें ५०० व क्यू-१७६ पासून सुमारें ९०० मिळूं लागलीं. पुढें हीच रीत दशकानुदशकें चालविल्यामुळें आजच्या कारखान्यांतील जाती लिटरामागें ५० ग्रॅमच्या आसपास पेनिसिलीन देतात. आपल्याकडे पिंपरी येथें १९५४ मध्यें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन १९५५ पासून पेनिसिलीन निघूं लागलें, तेंही याच परंपरेचें फळ होय.

परंतु किरणांनीं बुरशी ‘सुधारली’ असें म्हणणें बरोबर नाहीं. किरण आंधळे असतात. दप्तरांतील कोणतें पान फाटेल, कोणतें अक्षर बदलेल, यावर त्यांचा ताबा नसतो. मात्रा अशी देतात कीं शेंकडा ९९ कण मरावे. उरलेल्यांपैकीं प्रत्येकाची वेगळी लागवड करून, प्रत्येकाचें उत्पन्न मोजून, हजारोंतून एक राखावा लागतो. डोळस काम काय तें या निवडीचें. पुढें शास्त्रज्ञांनीं या जातींचीं दप्तरें उलगडून पाहिलीं, तेव्हां असें आढळलें कीं पुष्कळ कारखानी जातींत पेनिसिलीनच्या नोंदी एकाऐवजीं अनेक वेळां लिहिल्या गेल्या होत्या. हें कोणीं योजून केलें नव्हतें. निवडणाऱ्यानें फक्त उत्पन्न पाहिलें, आणि त्याबरोबर हा फेरफार आपोआप निवडला गेला.

या सुधारणेची किंमतही असते. फार पेनिसिलीन करणाऱ्या बुरशीची बरीच शक्ति त्यांतच खर्च होते. ती वारंवार नुसती वाढवीत नेली, तर तिच्यांतील आळशी कण, म्हणजे औषध न करतां स्वतःच वाढणारे, पुढें जातात व जात खालावते. म्हणून मूळ बियाणें थंडींत सुकवून कुपींत बंद ठेवावें लागतें व दरवेळीं तेथूनच नवी लागवड करावी लागते. भरपूर दूध देणारी संकरित गाय गोठ्यांत, वेळच्या वेळीं पेंड मिळाल्यावरच दूध देते. तिला डोंगरांत सोडली तर ती खिल्लारापुढें टिकत नाहीं. सुधारलेल्या बुरशीचेंही तसेंच आहे.

दुसरा मार्ग: जनुकांची जोडणी

फेरफारानें जंतूच्या स्वतःच्या दप्तरांतला मजकूर बदलतो. जी नोंद त्या दप्तरांत मुळांतच नाहीं, ती त्यांत येत नाहीं. गायीच्या वासराच्या पोटांतील द्रव्य एखाद्या जंतूनें करावें असें वाटलें, तर लाख वेळां किरण सोडूनही उपयोग नाहीं. त्याकरितां एका दप्तरांतील पान दुसऱ्यांत बांधण्याची युक्ति पाहिजे.

ही युक्ति जंतूंपाशीं होतीच. ती माणसानें उचलली. परक्या डीएनएचे तुकडे करणारीं कांहीं द्रव्यें जंतूंत असतात. त्यांपैकीं प्रत्येक द्रव्य अक्षरांचा एक ठराविक क्रम ओळखून बरोबर तेथेंच कात्री लावतें. तुटलेलीं टोकें सांधणारें दुसरें द्रव्यही असतें. शिवाय पुष्कळ जंतूंत मुख्य दप्तराबाहेर डीएनएचें एक लहानसें कडें असतें, त्यास प्लाझ्मिड म्हणतात. ही जणूं पुरवणी वहीच. १९७३ मध्यें कॅलिफोर्नियांतील स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनीं हें कडें कापून त्यांत परकें जनुक सांधलें व तें जंतूंत परत घातलें. जंतु वाढला तसें तें जनुकही वाढलें. यासच पुनर्संयोजित डीएनए पद्धति म्हणतात.

तिचें पहिलें मोठें फळ मधुमेहाचें औषध इन्सुलिन होय. पूर्वीं तें डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. १९७८ मध्यें मनुष्याच्या इन्सुलिनचें जनुक ई. कोलाय जंतूंत घालून तें तयार करण्यांत यश आलें, व १९८२ मध्यें त्याच्या विक्रीस अमेरिकेंत परवानगी मिळाली. दुसरें उदाहरण दुधाच्या धंद्यांतील आहे. चीज करण्याकरितां दूध ज्या द्रव्यानें गोठवितात, तें दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरांतून काढावें लागे, म्हणजे वासरूं मारावें लागे. त्या द्रव्याचें जनुक जंतूंत घालून केलेल्या मालास १९९० मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें मान्यता दिली. आतां तेथील बहुतेक चीज याच द्रव्यानें होतें. यांत जिवंत जंतु ग्राहकाच्या पोटांत जात नाहीं. जंतूकडून द्रव्य करवून घेऊन तें गाळून शुद्ध करतात.

नव्या युक्तीचें भय प्रथम शास्त्रज्ञांसच वाटलें, ही गोष्ट दोन्ही पक्षांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. १९७४ मध्यें त्यांनीं आपण होऊन अशा कांहीं प्रयोगांस विराम दिला, आणि १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांत असिलोमार येथें जमून कोणता प्रयोग किती बंदोबस्तांत करावा याचे नियम ठरविले. आपल्या देशांतही पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९८९ मध्यें याविषयींचे नियम झाले. त्यांप्रमाणें जोडणीचा जिवंत जंतु परवानगीवांचून मोकळ्या शेतांत सोडतां येत नाहीं.

पिंपांतील जंतु व शेतांतील जंतु

पेनिसिलीनची बुरशी काय, इन्सुलिनचा जंतु काय, पोलादी पिंपांत वाढतात. तेथें त्यांस तयार अन्न मिळतें, उष्णता नेमकी ठेवलेली असते व प्रतिस्पर्धी एकही नसतो. शेतांत सर्वच उलट. चिमूटभर मातींत कोट्यवधि देशी जंतु ठाण मांडून बसलेले असतात व अन्न तुटपुंजें असतें. तेव्हां पिंपांत पहिला आलेला जंतु शेतांतही पहिला येईल, असें मुळींच धरून चालूं नये.

याचें ठळक प्रमाण कडधान्यांच्या व सोयाबीनच्या मुळांवरील गांठींत मिळतें. या गांठींतील रायझोबियम वर्गाचे जंतु हवेंतील नत्र पिकास देतात. अमेरिकेच्या मध्यभागांत सोयाबीन वर्षानुवर्षें पेरतात. तेथें बियाण्यास उत्तम जातीचा जंतु चोळूनही, गांठी फोडून पाहतां, पुष्कळदां शेंकडा पांचदहा गांठीच त्याच्या निघत. बाकीच्या सर्व जमिनींत आधीं ठाण मांडलेल्या जंतूंच्या असत. आयोवा येथील जमिनींविषयीं १९७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, अर्ध्या गांठी तरी आपल्या जंतूच्या व्हाव्या असें वाटत असेल, तर जमिनींतील जंतूंच्या सुमारें हजारपट जंतु घालावे लागतात. पुढें लसूणघासाकरितां नत्र बांधण्याची शक्ति जनुकांच्या जोडणीनें वाढविलेला जंतु तयार झाला, व १९९७ मध्यें अमेरिकेनें त्याच्या मर्यादित विक्रीस परवानगी दिली. ज्या जमिनींत नत्र व सेंद्रिय द्रव्य फार कमी होतें तेथें त्यानें उत्पन्न वाढलें. इतर ठिकाणीं विशेष फरक पडला नाहीं. जंतु खोटा नव्हता. त्याची गरज असलेलीं शेतें थोडीं होतीं, इतकेंच.

शेतांतील यशाचें उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें. पीच, बदाम व गुलाब यांच्या बुंध्याशीं व मुळांवर आवाळवासारख्या गांठी आणणारा अग्रोबॅक्टेरियम नांवाचा रोगजंतु आहे. ॲडलेड येथील ॲलन केर यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत त्याचाच एक निरुपद्रवी भाऊबंद शोधला, त्यास के-८४ म्हणतात. तो एक विष तयार करून रोगजंतूस मारतो. लावणीपूर्वीं रोपांचीं मुळें त्याच्या पाण्यांत बुडविलीं म्हणजे रोग टळतो. पण यांत एक धोका होता. विष करण्याची व त्या विषापासून बचावण्याची नोंद एकाच कड्यावर होती, आणि हें कडें एका जंतूकडून दुसऱ्याकडे आपोआप जाऊं शके. तें रोगजंतूच्या हातीं पडलें असतें तर पहारेकऱ्याची किल्लीच चोराकडे गेली असती. म्हणून शास्त्रज्ञांनीं कड्यावरील स्थलांतराची तेवढी नोंद कापून टाकली. हा के-१०२६ जंतु १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत विक्रीस आला. जनुकांत हात घालून शेतांत वापरण्याकरितां विकलेल्या जिवंत जंतूंत तो जगांत पहिला समजला जातो. यांत परकें कांहीं घातलें नाहीं, उलट एक भाग काढला, व त्यामुळें मूळ जंतूपेक्षां तो अधिक निर्धोक झाला. त्याचीही मर्यादा आहे. झालेला रोग तो बरा करीत नाहीं, आणि द्राक्षवेलीवर अशाच गांठी आणणाऱ्या जंतूवर त्याचें विष चालत नाहीं.

शेतकऱ्यानें काय पाहावें

यावरून वाचकांनीं पुढील गोष्टी पाहाव्या असें सुचवावेंसें वाटतें.

पहिली गोष्ट, जंतु कोणत्या पिकाचा व कोणत्या कामाचा तें पुडीवर वाचावें. हरभऱ्याचा जंतु सोयाबीनास चालत नाहीं. आपल्याकडे मिळणाऱ्या रायझोबियमच्या पुड्यांतील जंतु निवडीच्या मार्गानें मिळविलेले असतात. कोणी जनुकांच्या जोडणीचा जंतु म्हणून मोठ्या किंमतीस देऊं लागला, तर आधीं परवानगीचा कागद मागावा.

दुसरी, जिवंत जंतूंची संख्या व मुदत पाहावी. खत नियंत्रण आदेशाप्रमाणें भुकटीच्या एका ग्रॅमांत निदान पांच कोटि, व द्रवरूप मालाच्या एका मिलिलिटरांत निदान दहा कोटि जिवंत जंतु पाहिजेत. जात कितीही उंची असली, तरी उन्हांत तापलेल्या पुडींत ती मेलेलीच असणार. पुडी सावलींत ठेवावी, बीं सावलींतच चोळावें व लागलीच पेरावें.

तिसरी, आपल्या शेताची पूर्वपीठिका पाहावी. ज्या रानांत सोयाबीन पूर्वीं कधींच झालें नाहीं, तेथें त्या जंतूचा उपयोग अधिक होण्याचा संभव असतो. जेथें वर्षानुवर्षें तेंच पीक आहे व मुळांवर भरपूर गांठी येतात, तेथें फरक थोडाच पडेल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाच शेतांत, एकाच दिवशीं, दोनतीन ठिकाणीं जंतु न चोळलेल्या बियाण्याच्या पट्ट्या ठेवाव्या व त्यांवर खुंट्या माराव्या. फुलोऱ्याच्या वेळीं दोन्हींकडील कांहीं झाडें मुळांसकट हलक्या हातानें खणून गांठी मोजाव्या व नखानें फोडून पाहाव्या. आंतून गुलाबी निघाली तर गांठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाहीं. मळणीचे वेळीं दोन्ही पट्ट्यांचें धान्य वेगवेगळें वजन करावें व आंकडा वहींत लिहून ठेवावा.

पीओरियाच्या शास्त्रज्ञांनीं केलें तें मुळांत हेंच होतें. हजारों जाती एकमेकींशेजारीं लावल्या, प्रत्येकीचें उत्पन्न मोजलें, आणि मोजमापांत उतरली ती राखली. किरण सोडणें व जनुकें सांधणें हीं त्यांचीं कामें. आपल्या शेतापुरती शेवटची मंजुरी मात्र आपल्याच हातीं आहे. ती तराजू पाहिल्यावांचून देऊं नये, आणि तराजू पाहिल्यावांचून नाकारूंही नये.